रोटरी बफरने त्याच त्या जागी क्लिअर करपतंय? आधी पॅडचं माप बघा

एक काळी सेडान चार महिन्यांत तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मी हा प्रश्न पहिल्यापासून तपासायला घेतला. गाडी ठाण्यात कासारवडवलीच्या एका काकूंची. घोडबंदर रोडवरची धूळ, सोसायटीत टँकरचं पाणी, त्यामुळे पाण्याचे डाग आणि पुसण्याचे ओरखडे दोन्ही भरपूर. आम्ही वागळे इस्टेटच्या शेडमध्ये रबिंग-पॉलिश करून द्यायचो, ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसायची आणि आठवड्याभरात काकूंचा फोन यायचा. "दादा, तुमच्याकडे चकाकते. सकाळी उन्हात उभी केली की दारांवर कोळ्याचं जाळं दिसतं. आणि मागच्या दाराची कड पांढुरकी झालीय, ती काही पुसून जात नाही."

जाळं म्हणजे होलोग्राम, बफरने उठवलेल्या बारीक रेषांचे पट्टे. पांढुरकी कड म्हणजे करपलेला क्लिअर कोट, रंगावरचा पारदर्शक थर. या दोन तक्रारी जोडीने येतात, पुन्हा पुन्हा येतात आणि गाडी कुठलीही असो, त्याच त्या जागी येतात. नवी मुंबईत तुर्भे आणि रबाळेकडे काम करणाऱ्या ओळखीच्या पोरांना विचारलं, तर त्यांचंही हेच रडगाणं. सगळ्यांचे उपायही ठरलेले: कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) बदलायचं, महागातला पॅड (मशीनला लावायची फोमची किंवा लोकरीची गोल गादी) आणायचा, शेवटी मशीनवर संशय घ्यायचा. मी कंपाउंड तीनदा बदललं. काही फरक पडला नाही, कारण घोळ मापात होता. मी अख्खी गाडी सात इंची पॅडने आणि वेगाच्या डायलच्या एकाच आकड्यावर फिरवत होतो. जिथे सात इंची बसत नाही तिथे तीन इंची लावायचो, तोही त्याच आकड्यावर आणि तसाच दाबून.

हे लिहितोय ते रोटरी वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्या मशीनचा पॅड एकाच अक्षाभोवती गरगर फिरतो त्यासाठी. फिरता फिरता हलणाऱ्या ड्युअल अ‍ॅक्शन मशीनची गोष्ट वेगळी आहे. तिथे चूक झाली तरी सहसा काम कमी होतं, रंग जात नाही. रोटरी चूक पदरात घेत नाही.

मशीन लावण्याआधी जागा टिपा

तिसऱ्या वेळी गाडी आली तेव्हा मी दिवसभर बफरला हात लावला नाही. गाडी सावलीत धुतली, कोरडी केली आणि पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅनेल पॅनेल पुसून काढली. हे पुसणं टाळू नका. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखड्यांत जाऊन बसतं आणि ते झाकून टाकतं. दोन धुण्यांत तेल गेलं की तेच ओरखडे वर येतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं पॉलिश उतरलं.

मग शेडचे दिवे बंद केले आणि एकच टॉर्च बाजूने धरून बघितलं. ट्यूबलाइटचा उजेड पसरट असतो, त्यात होलोग्राम दिसत नाहीत. एका बिंदूतून येणारा उजेड हवा, सूर्य नाहीतर टॉर्च. जिथे दोष दिसला तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावत गेलो.

तासाभरात चित्र समोर आलं. करपल्याच्या खुणा मागच्या दाराच्या कडेला, पुढच्या पिलरवर (काचेशेजारच्या खांबावर), आरशाखालच्या कोपऱ्यात, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि डिकीवर नंबर प्लेटच्या खोबणीच्या वरच्या धारेवर. होलोग्राम दारांच्या फुगीर भागावर, फेंडरवर आणि बोनेटच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर. छत आणि बोनेटचा मधला सपाट भाग मात्र स्वच्छ. कंपाउंड तेच, मशीन तेच, हात तोच. सात इंची पॅड जिथे पूर्ण टेकत होता तिथे काम चांगलं झालं होतं. जिथे टेकत नव्हता तिथे त्याची फक्त कड चंद्रकोरीसारखी घासत होती आणि अरुंद पट्टे उठवत होती. आणि जिथे मी तीन इंची लावला होता तिथे क्लिअर करपलं होतं.

तुमच्याकडे हीच तक्रार असेल तर हे टेपचं काम आधी करा. खुणा सपाट पॅनेलच्या मधोमध असतील तर दोष पॅडच्या मापात नाही, कंपाउंड किंवा मळलेला पॅड तपासा. खुणा कडांना, वळणांना, खोबणींना असतील तर पुढचं वाचा.

डायलवर आकडा एकच, पण कडेचा वेग वेगळा

पोरं हात धरून एका रांगेत गोल फिरतात, तेव्हा मधलं पोर जागच्या जागी वळतं आणि शेवटच्याला जीव खाऊन पळावं लागतं. फेऱ्या दोघांच्या तेवढ्याच होतात. पॅडचंही असंच आहे. डायल मिनिटाला किती फेऱ्या ते सांगतं. रंगावरून पॅड किती वेगाने घासत जातो ते पॅडच्या मापावर ठरतं.

सात इंची पॅडचा घेर साधारण ५६ सेंटिमीटर. १५०० आरपीएमवर (मिनिटाला १५०० फेऱ्यांवर) त्याची कड मिनिटाला ८४० मीटर जाते, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. पाच इंचीचा घेर ४० सेंटिमीटर, त्याच आकड्यावर कडेचा वेग ताशी ३६. तीन इंचीचा घेर २४ सेंटिमीटर, वेग ताशी साडेएकवीस. डायलला हात न लावता पॅड सातावरून तीनवर आणला की कापण्याचा, म्हणजे ओरखडे घासून काढण्याचा वेग निम्म्याहून कमी होतो. मग पिलरवरचे ओरखडे जात नाहीत, आपण वैतागतो आणि जोर लावतो.

जोर लावला की दुसरं गणित सुरू होतं. सात इंची पॅडचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच, पाच इंचीचं साधारण वीस, तीन इंचीचं फक्त सात. मशीनचं वजन आणि हाताचा दाब मिळून चार किलो धरा. सात इंचीखाली प्रत्येक चौरस इंचावर १०० ग्रॅमच्या आसपास भार येतो. पाच इंचीखाली २००. तीन इंचीखाली साडेपाचशेच्या वर. वेग निम्म्याहून कमी झाला, पण भार साडेपाच पट झाला. घासण्याची उष्णता वेग आणि भार दोन्हींवर अवलंबून असते, म्हणून त्याच आकड्यावर, तसाच दाबलेला तीन इंची पॅड सात इंचीपेक्षा दुप्पट तापवतो. शिवाय तो एवढ्याशा जागेतच फिरत राहतो, मोठ्या पॅडसारखा पुढे सरकत नाही.

काकूंच्या दाराची कड मी अशी जाळली होती. आधी पॅड कापत नाही म्हणून दाबला आणि दाबला म्हणून करपलं. हे कळलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण दोन वर्षं मी शेडमधल्या पोरांना "छोटा पॅड आहे, जरा जोर लाव" असंच शिकवत आलो होतो.

उपाय असा. माप लहान झालं की वेग वाढवा आणि भार कमी करा, दोन्ही एकदम. वेग मात्र गणिताप्रमाणे पूर्ण जुळवायचा नाही. सात इंची १२०० वर चालतो तेवढाच कडेचा वेग तीन इंचीला हवा असेल तर २८०० आरपीएम लागतील, आणि एवढ्याशा पॅडला तो आकडा धोक्याचा आहे. एकच जागा सेकंदाला कितीतरी जास्त वेळा घासली जाते आणि उष्णता पसरायला वाव राहत नाही. माझे सध्याचे आकडे असे: सात इंची वूलने (लोकरीच्या पॅडने) कापताना १२०० ते १५००, पाच इंचीला १४०० ते १७००, तीन इंचीला १८०० ते २२००. तीन इंची लावला की मशीनचा भार आडव्या पॅनेलवर हाताने उचलून धरायचा. रोटरी स्वतःच दोन ते तीन किलोची असते, तेवढंच वजन त्या पॅडला जास्त होतं. दारासारख्या उभ्या पॅनेलवर मशीन आपणहून दाबत नाही, तिथे पॅड नुसता टेकलेला राहील एवढाच हात. काम बरंच असेल तर तीन इंचीसाठी मिळणारी छोटी, हलकी रोटरी वेगळी घ्या. माझ्या मते दुकानातला तो सगळ्यात उपयोगी खर्च आहे, महागड्या कंपाउंडच्या कितीतरी आधी.

भंगारातल्या बोनेटवर करून बघा

नुसत्या गणितावर माझा विश्वास बसत नव्हता, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर आता प्रयोग करायची हिंमत नव्हती. म्हणून भंगारातून एक ठोकलेलं बोनेट आणलं, ओळखीच्या पेंटरकडून काळा रंग आणि क्लिअर मारून घेतलं. रंग पुरता कडक झाल्यावर मास्किंग टेपने चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात दोन हजार नंबरच्या पाणीपेपरने सारखे हात मारले आणि मग तेच कंपाउंड घेऊन वेगवेगळी मापं फिरवली.

१५०० वर सात इंची वूलने चार फेऱ्यांत (म्हणजे चौकोनावरून मशीन चार वेळा नेऊन) पेपरच्या रेषा गेल्या, पत्रा कोमट झाला. १५०० वर तीन इंची, हात हलका ठेवून: चार फेऱ्यांनंतरही रेषा दिसत होत्या. तोच पॅड, तोच आकडा, हाताचा पूर्ण जोर: रेषा गेल्या, पण पत्र्याला हात लावून ठेवता येईना. २००० वर, मशीन उचलून धरून: पाच-सहा फेऱ्यांत रेषा गेल्या, पत्रा कोमट. २८०० वर कंपाउंड दुसऱ्याच फेरीत कोरडं पडून पिठासारखं उडालं.

हा प्रयोग तुम्हीही करा. एक बोनेट आणि एक सुट्टीचा दिवस लागतो. आमच्याकडे नवीन पोरगा आला की आता पहिला आठवडा तो त्याच बोनेटवर हात बसवतो.

बॅकिंग प्लेट: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

पॅडचं माप बदललं आणि बॅकिंग प्लेट (मशीनवरची तबकडी, जिच्यावर पॅड वेल्क्रोने चिकटतो) तीच ठेवली तर अर्धंच काम झालं. बऱ्याच रोटरींसोबत मोठी, कडक रबरी प्लेट येते आणि लोक वर्षानुवर्षं तिच्यावरच सगळे पॅड चिकटवतात.

प्लेट पॅडपेक्षा लहान असायला हवी, म्हणजे चारी बाजूंनी फोमची किनार बाहेर राहते. सात इंची पॅडला मी सहा इंची प्लेट लावतो, दोन्ही बाजूंना चार चार सूत (म्हणजे अर्धा अर्धा इंच) मोकळे. साडेपाच इंचीला पाच इंची, तिथे दोन सूत. तीन इंचीला पावणेतीनची. पॅड घेताना दुकानदाराने सांगितलेल्या मापावर जाऊ नका, मेजर टेपने मोजा, आणि तेही मागच्या वेल्क्रोच्या बाजूने. काही पॅड पुढे रुंद आणि मागे निमुळते असतात. पाकिटावर सहा इंच लिहिलेलं असतं आणि वेल्क्रो सव्वापाच भरतो.

प्लेट मोठी पडली तर तिची कडक धार आरशाच्या प्लास्टिकला, दाराच्या हँडलला, बीडिंगला घासते. अशी खूण पॉलिशच्या ओरखड्यासारखी दिसत नाही. ती एकच, खोल, वक्र रेघ असते आणि बोटाला लागते. अशी रेघ दिसली की कंपाउंडचा विचार सोडा आणि प्लेट मोजा.

प्लेट फार लहान पडली तर दोष उलटा येतो. फोमची कड वेगात फडफडते, कोपऱ्यावर दुमडते आणि सगळा दाब मधल्या गोलावर येतो. वापरलेला पॅड उलटा करून प्रकाशात धरा. प्लेटच्या मापाएवढं एक गोल कडं फोममध्ये बसलेलं दिसलं, तर महिनाभर तुम्ही सात इंची पॅडचे पैसे देऊन पाच इंचीचं काम घेताय.

आट्यांकडेही लक्ष द्या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोठ्या रोटरींचं स्पिंडल चौदा एमएमचं असतं. बाहेरून मागवलेल्या काही प्लेटा पाच अष्टमांश इंची आट्यांच्या येतात. डोळ्यांना फरक फारसा कळत नाही, पण ते माप जवळजवळ सोळा एमएमचं. अशी प्लेट चौदाच्या स्पिंडलवर चढते, पण नीट बसत नाही आणि डगडगते. डगडगणारी प्लेट म्हणजे उड्या मारणारा पॅड, आणि एखाद्या दिवशी सुटून उडणारी प्लेट. हाताने फिरवताना प्लेट सैल वाटली तर ती लावूच नका, पान्याने आवळून भागत नाही.

यातच एक गोष्ट कळकळीने सांगतो. ठाण्यापासून पनवेलपर्यंत कितीतरी गॅरेजांत चार इंची ग्राइंडरला अडॅप्टर लावून पाच इंची पॅड फिरवताना मी बघितलंय. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्या घेतो. पाच इंची पॅडची कड त्यावर ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाते. फोम पॅड आणि वेल्क्रो त्या वेगासाठी बनलेलेच नसतात. क्लिअर तर एका फेरीत जातंच, पण पॅड फाटून तोंडावर आला तर डोळा जाईल. कृपा करून हे करू नका आणि पोरांना करू देऊ नका.

पॅड चिकटवताना तो प्लेटच्या मध्यावर आहे का ते दर वेळी बघा. दोन सूत जरी सरकला तरी मशीन थरथरतं, आणि तो थरथराट दाबायला आपण नकळत जोर वाढवतो. मधोमध भोक असलेले पॅड बरे, त्यातून बोट घालून प्लेटचा मध्य सापडतो. लावल्यावर सगळ्यात कमी वेगावर हवेत फिरवून कड बघायची. कड एका रेषेत दिसली तर ठीक, लाटेसारखी वर-खाली दिसली तर काढून परत लावायचा.

कुठल्या जागी कुठलं माप

आपल्या रस्त्यांवर हॅचबॅक जास्त, आणि अलीकडच्या डिझाइनमध्ये दारांवर घड्याच घड्या. अशा गाडीवर सात इंची पॅड पूर्ण टेकेल अशा जागा दोनच, छत आणि बोनेटचा मधला भाग. तरीही नवीन माणूस पहिली खरेदी सात इंचीचीच करतो, कारण मशीनवर तेच माप छापलेलं असतं. ते माप मशीनला जास्तीत जास्त काय झेपेल ते सांगतं.

एकच माप घ्यायचं असेल तर मी पाच ते साडेपाच इंची घ्या म्हणेन. दारं, फेंडर, डिकी, बोनेट, सगळीकडे तो टेकतो. वेळ थोडा जास्त जातो, पण रंग वाचतो. दुसरी खरेदी तीन इंची आणि त्याची प्लेट. सात इंची तिसऱ्या नंबरवर, आणि तोही मोठ्या एसयूव्ही किंवा नव्याने रंगवलेली पॅनेल नियमित येत असतील तरच.

जागा कशी ठरवायची? पॅड मशीनविना हातात धरा आणि पॅनेलवर ठेवा. हलकं दाबून सगळीकडून टेकला तर माप बरोबर. एका बाजूने बोट आत गेलं तर एक माप खाली या. पिलर, आरशाभोवती, नंबर प्लेटची खोबण, बंपरचा कोपरा इथे तीन इंची. दाराच्या हँडलमागच्या वाटीत नखांचे ओरखडे असतात, तिथे कुठलंही मशीन घालू नका. मायक्रोफायबरवर पॉलिश घेऊन बोटाने करा, पाच मिनिटांचं काम आहे.

कडा आणि धारदार घड्यांवर माप बरोबर असूनही करपतं, त्याचं कारण रंगातच आहे. ओला रंग धारेवरून ओढला जातो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, त्यामुळे धारेवर क्लिअर पातळ राहतं. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यातलं क्लिअर चाळीस-पन्नासच्या आसपास, धारेवर त्याहून कमी. एका जोरदार कापणीत दोन-चार मायक्रॉन सहज जातात. म्हणून धारेवर मास्किंग टेप लावा, दोन्ही बाजू करून घ्या आणि टेप काढून ती धार शेवटी हाताने पॉलिश करा. पॅनेलच्या कडेला पॅड कुठल्या दिशेने फिरतोय तेही बघा. टेकलेला भाग पॅनेलवरून बाहेरच्या दिशेने जायला हवा. बाहेरून आत येणारा भाग कडेला अडकतो, रंग उचलतो आणि मशीनला झटका देतो.

बंपर वेगळा धरा

पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही. बंपरवर निर्माण झालेली उष्णता रंगातच अडकते. त्यात बंपर लवचीक, म्हणजे दाबला की आत जातो आणि पॅडच्या कडा जास्त टेकतात. शिवाय आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये बंपर एकदाही पुन्हा रंगवला नाही अशी पाच वर्षं जुनी गाडी विरळा. रंगाची जाडी मोजायचं साधं गेज पत्र्यावर चालतं, प्लास्टिकवर चालत नाही. त्यामुळे बंपरवर किती क्लिअर उरलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

मी बंपरला वूल लावत नाही. तीन किंवा पाच इंची मऊ फोम, वेग पत्र्यापेक्षा दोन-तीनशेनी कमी, एका जागी दोन फेऱ्या आणि मग हाताची मागची बाजू टेकवून बघायचं. हात ठेवता आला नाही तर दुसऱ्या कोपऱ्यावर जायचं आणि दहा मिनिटांनी परत यायचं. थोडे ओरखडे राहिले तर राहू द्या आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा. लोक समजून घेतात. बंपर भुरकट झालेला मात्र कुणी समजून घेत नाही.

माप बदललं, तरी होलोग्राम राहिले तर

करपणं थांबेल, पण काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांवर हलके होलोग्राम राहतील. रोटरी एकाच दिशेने फिरते, त्यामुळे बारीक रेषा एका दिशेत बसतात आणि उन्हात वळत्या पट्ट्यांसारख्या दिसतात. वूल किंवा जाड कंपाउंडने कापल्यावर थेट गाडी देऊ नका. त्यावर मऊ फिनिशिंग फोम, पाच किंवा सहा इंची, ९०० ते १००० आरपीएम, पॉलिश अगदी थोडं, आणि मशीनच्या वजनापलीकडे दाब नाही. फिनिशिंगला मी तीन इंची टाळतो, कारण लहान पॅड तिरका व्हायला वेळ लागत नाही आणि तिरका झाला की पट्टा उठलाच. पिलरवर दुसरा इलाज नसतो, तिथे मनगट सरळ ठेवून सावकाश.

ड्युअल अ‍ॅक्शन मशीन असेल तर शेवटचा हात त्यानेच मारा. काळ्या गाडीवर नुसत्या रोटरीने निर्दोष फिनिश काढणारे कारागीर मी पाहिलेत, पण त्यांच्या हाताला कितीतरी वर्षांचा सराव आहे. रोजच्या दुकानी कामात ड्युअल अ‍ॅक्शनचा शेवटचा हात जास्त भरवशाचा.

पट्टे गेले की नाही हे परत अल्कोहोलने पुसून आणि टॉर्चनेच ठरवा. जमलं तर गाडी शेडबाहेर उन्हात आणून बघा आणि गिऱ्हाइकालाही तिथेच दाखवा.

पॅडची निगा, आणि आपली हवा

लहान पॅडमध्ये फोम कमी, त्यामुळे कंपाउंड आणि रंगाचा गाळ त्यात लवकर भरतो. एका गाडीला सात इंची दोन पुरत असतील तर तीन इंची चार-पाच हाताशी ठेवा. दर पॅनेलनंतर ब्रशने साफ करा, पॅड गरम लागला की बदला. गरम पॅडचा वेल्क्रो सुटतो, आणि तो सुटायला मधल्या भागापासून सुरुवात होते, म्हणून बाहेरून कळत नाही. पॅड दोन्ही हातांनी वाकवून बघितला की कळतं.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली उन्हातून आलेली गाडी लगेच घेऊ नका. पॅनेल आधीच तापलेलं असतं, कंपाउंड पसरायच्या आत सुकतं आणि सुकलेल्या पावडरीवर पॅड फिरतो. सावलीत तासभर उभी करा. जुलैत उलटा त्रास. धुतलेले पॅड चार दिवस वाळत नाहीत, आणि ओला फोम कंपाउंड पातळ करून उडवतो. आम्ही पावसाळ्यात पॅड धुतल्यावर कमी वेगावर फिरवून पाणी काढतो, मग पंख्याखाली जाळीवर फोमची बाजू खाली करून ठेवतो. प्लास्टिकच्या डब्यात ओले पॅड बंद केले तर बुरशी धरते.

काकूंच्या गाडीचं काय झालं तेही सांगतो. दारं, फेंडर आणि बोनेट साडेपाच इंचीने पुन्हा केलं, शेवटचा हात ड्युअल अ‍ॅक्शनने मारला आणि गाडी सकाळी आठच्या उन्हात त्यांना दाखवली. पिलर आणि आरशाखालचा भुरकटपणा वरवरचा होता, तो तीन इंची मऊ फोमने निघाला. मागच्या दाराच्या कडेचं क्लिअर मात्र पूर्ण गेलं होतं. ते कुठल्याही पॅडने परत येत नाही, तिथे पेंटरच लागतो. चूक माझी होती म्हणून दार माझ्या खर्चाने रंगवून दिलं. तेव्हापासून आमच्या जॉब कार्डवर प्रत्येक पॅनेलसमोर तीन रकाने आहेत: पॅडचं माप, प्लेटचं माप आणि आरपीएम. पोरगा ते भरल्याशिवाय मशीनचं बटण दाबत नाही.